टाकीतली लाली

सोमवार, ३ नोव्हेंबर

आमच्या मत्स्यमित्र मंडळाचे चिटणीस परवाच्या बैठकीत म्हणाले, "यंदा ज्यांना नंबर काढायचाय त्यांनी टाकीची दैनंदिनी ठेवा. दिवा कोणता, किती तास, पानांचा रंग काय, सगळं लिहा." म्हणताना बघत होते माझ्याकडेच. गेल्या वर्षी त्यांची टाकी पहिली आली आणि माझी टाकी पाहून परीक्षक म्हणाले, "पाणी छान आहे." म्हणजे लग्नाला मुलगी बघायला यायचं आणि पडद्यांचं कौतुक करून जायचं.

तर ही दैनंदिनी. टाकी दिवाणखान्यात, सोफ्याला लागून. मासे चंदेरी, बोटाच्या पेराएवढे. पण आमच्या गटात माशांना कोणी विचारत नाही, स्पर्धा पाणवनस्पतींची आहे. तळाला हिरवळ, मागे उंच पाती आणि मधोमध लाल पानांचं झाड. ते सध्या चहाच्या चोथ्याच्या रंगाचं आहे. मला ते लालभडक हवंय. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षक घरोघर फिरणार.

सगळा दोष जुन्या ट्यूबचा. मिणमिणती झालीय. नवा दिवा घ्यायचं ठरवलंय. माझं चष्म्याचं दुकान आहे, उभा जन्म लोकांचे डोळे तपासण्यात गेला. उजेड म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको.

सासूबाई आल्या आहेत. त्यांच्या घराचं छप्पर काढलंय. "छप्पर झालं की मी माझ्या घरी," हे त्या येता-जाता ऐकवतात. त्यांचं आणि माझं एकमत होण्याच्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुकान बंद, म्हणून दिवसभर टाकीपाशी. नवा पांढरा एलईडी दिवा आणला. टाकीचं सामान विकणारा मासेवाला म्हणाला, "साहेब, यात जंगल उगवेल." लावला मात्र, दिवाणखाना लग्नाच्या हॉलसारखा दिसायला लागला. मासे घाबरून एका कोपऱ्यात गोळा झाले.

सासूबाई मात्र आतून उठून आल्या, खुर्ची ओढून थेट टाकीला नाक लावून बसल्या आणि म्हणाल्या, "हं! आता कसं लख्ख वाटतंय. जावईबापू, हे काम तुम्ही झकास केलंत." लग्न झाल्यापासून त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी ते पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

रविवार, ९ नोव्हेंबर

ही गेले काही दिवस मागे लागली होती, "आईचे डोळे तपासा, ती भिंतीला हात लावत चालते." भिंतीला हात लावून चालतात हे खरं आहे, पॅसेजच्या रंगावर त्यांच्या बोटांची रेघ उमटलीय. पण सवयीला औषध नाही.

तरी आज दुकानात तपासले. आल्यापासून त्या सकाळी दुकानातच येऊन बसतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर, गिऱ्हाइकं तक्ता वाचत असतात ते ऐकत. करमणूक होते म्हणतात. आज त्यांनाच खुर्चीत बसवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून काढल्या! शेवटची ओळ तर मी छडी ठेवायच्या आधीच सुरू केली. त्या वयात अशी नजर मी पाहिली नाही. पुढची तपासणी करायची गरजच वाटली नाही.

हिला सांगितलं, "तुझ्या आईचे डोळे तुझ्यापेक्षा चांगले आहेत." ही शाळेच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "नक्की ना?" मी म्हटलं, "मी काय भाजी विकतो?"

बुधवार, १२ नोव्हेंबर

टाकीच्या काचेवर रोज संध्याकाळी नाकाचा एक ठसा. रोज पुसतो, रोज उमटतो. परीक्षकांनी असला ठसा पाहिला तर गुण जातील.

चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "तुमची ती लाल मासोळी फार गुणी हो. बाकीचे नुसते सळसळ करतात, दिसतसुद्धा नाहीत. ही आपली एका जागी बसते, माझं सगळं ऐकून घेते. मी तिचं नाव लाली ठेवलंय."

माझ्या टाकीत लाल मासा नाही. लाल काही असायला हवं होतं तर ते झाड, आणि ते लाल होत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. टोमणा मारायचाच तर तोंडावर मारावा. मासोळी कशाला मध्ये घालायची? मी कप ठेवून उठलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

शेवाळ! काचेवर हिरवा थर, पातींवर दाढी. लाल झाडावर काळे ठिपके. मी दिवा सकाळी थोडा आणि संध्याकाळी थोडा, असा मोजून लावतो, मग हे कुठून आलं?

मासेवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "दिवा चुकीच्या रंगाचा. वनस्पतींसाठी खास दिवा येतो, गुलाबी." घेतला. आता टाकी जांभळी दिसते, मासे जांभळे दिसतात आणि टाकीशेजारी बसून जेवलो तर भातसुद्धा जांभळा दिसतो. ही म्हणाली, "कुठल्या लॉजमध्ये राहतोय असं वाटतं."

सासूबाईंनी नेहमीसारखं काचेला नाक लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "आधीचाच बरा होता हो. यात मला लालीच नीट दिसत नाही." पुन्हा लाली! मला बोलून दाखवायची यांना हौस फार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज घरात खडाजंगी. निमित्त चहा. सासूबाईंनी चहात मीठ घातलं. मी पहिल्या घोटाला फुर्रकन फवारा उडवला. त्या म्हणाल्या, "डबे कोणी हलवले?" डबे कोणी हलवलेले नाहीत. त्याआधी दारामागच्या खुंटीवर माझा रेनकोट टांगलेला होता, त्याला त्या म्हणाल्या, "उभे का? बसा ना, ते येतीलच इतक्यात." माझ्या तब्येतीवर विनोद करायचा हा एक प्रकार असावा. अलीकडे मी जरा वाळलोय खरा.

ही मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अहो, तिला दिसत नाहीये."

"तक्ता वाचलाय त्यांनी. शेवटच्या ओळीपर्यंत. मी स्वतः तपासलंय."

"मग रेनकोटशी बोलली ती?"

"माझ्यावरचा राग आहे तो."

"तुमच्यावरचा राग ती तुमच्यावर काढेल, रेनकोटवर कशाला?"

पण तक्ता म्हणजे तक्ता. तक्त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर मी उद्यापासून दुकान उघडू कशाला?

गुलाबी दिवा काढला, पांढरा परत लावला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शेवाळाचा बंदोबस्त शास्त्रशुद्ध पद्धतीने करायचं ठरवलंय. प्लगला लावायचा टायमर आणला. संध्याकाळी आपोआप लागतो, रात्री आपोआप बंद होतो, दिवसभर अंधार. खिडकीतून ऊन येतं म्हणून तिथे जाड चादर टांगली. ही म्हणाली, "घरात मयत झाल्यासारखं वाटतंय." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

सासूबाई मात्र कावऱ्याबावऱ्या झाल्या. "दिवसा दिवा लागणारच नाही का? अजिबात?" मी शेवाळाबद्दल समजावून सांगितलं, उजेड जास्त झाला की काय होतं, खत जास्त झालं की काय होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे झाडांना कमी उजेड लागतो. बरं." मग थांबून, "माणसाचं काय हो?" मी म्हटलं, "माणसांची पाहणी नाहीये डिसेंबरात."

तेवढ्यात त्यांच्या घराचा मिस्त्री फोनवर आला. छप्पर महिनाअखेर होईल म्हणाला. त्यांचा चेहरा उजळला. माझाही, पण मी दाखवला नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शेवाळ वाढलं. टायमर बरोबर चालतो. चादर जागेवर आहे. खत थांबवलंय. तरी तळाशी खाण्याचा पांढरा चुरा कुजतोय, आणि तोही एकाच कोपऱ्यात, पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या नळीपाशी. मासे इतके आळशी झाले की खातसुद्धा नाहीत?

मला चिटणिसांचा संशय येतोय. लाल झाडाची फांदी त्यांनीच दिली होती, हसत हसत. मंडळात इतकं हसत कोणी कोणाला काही देत नाही. मासेवाला म्हणतो, "साहेब, दिवा कमी पडतोय." चौथा दिवा मंगळवारी येणार.

मंगळवार, २ डिसेंबर

आज जे झालं ते कसं लिहू?

दुकानाच्या रस्त्यावर खोदकाम चाललंय, त्यात वीज तुटली. दुकान बंद करून दुपारीच निघालो, वाटेत चौथा दिवा घेतला. माझ्या किल्लीने दार उघडून आत आलो तर दिवाणखाना लख्ख. टाकीचा दिवा चालू. टायमर भिंतीवर जागच्या जागी, आणि दिव्याची पिन त्याच्याशेजारच्या मोकळ्या प्लगमध्ये.

सासूबाई टाकीला नाक लावून बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे. हातात सुई आणि दोरा. दोरा सुईच्या बाजूने जात होता, कधी वरून, कधी खालून. नेढ्यात एकदाही गेला नाही. थोड्या वेळाने त्या थकून म्हणाल्या, "लाले, तू तरी ओवून दे गं." मग शेजारचा डबा चाचपून माशांच्या खाण्याची चिमूट घेतली आणि हीटरच्या कोपऱ्यात सोडली. "खा. किती वाळलीस. बघ, आजसुद्धा तोंड लावत नाहीस."

हीटरवर तांबडा दिवा असतो, पाणी गार झालं की लागतो. तो पाण्यात छान लाल दिसत होता. सगळं खाणं त्याच्या अंगावरून घसरत तळाला गेलं. मग पाणी गरम झालं आणि दिवा विझला. "झोपलीस? बरं, झोप," सासूबाई म्हणाल्या.

मी खाकरलो. त्या दचकल्या, सुई खाली पडली. "जावईबापू? मी नं... बंदच करत होते."

हातात दिव्याचा डबा होता, तोच त्यांच्यासमोर, दुकानात तक्ता असतो तितक्या अंतरावर धरला. म्हटलं, "आई, यावर काय लिहिलंय वाचता?"

त्या ताठ बसल्या. हात मांडीवर घेतले, हनुवटी उचलली आणि माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसल्यासारख्या म्हणायला लागल्या. "ग, म, न, र. ट, प, घ, ड, स." माझ्या तक्त्याची शेवटची ओळ. जशीच्या तशी.

डब्याच्या त्या बाजूला एकही अक्षर नव्हतं. नुसतं माशाचं चित्र होतं, हातभर मोठं.

मी म्हणालो, "बरोबर." त्या म्हणाल्या, "मग? तुम्हीच तर सर्टिफिकेट दिलंत." मी त्यांच्या शेजारी बसलो आणि सांगितलं, "आई, डब्यावर मासा आहे."

त्यांनी डब्यावरून बोटं फिरवली. मग हळूच विचारलं, "लाल आहे का?"

मला रडू आलं. मी लिहितोय, कारण ही वही परीक्षकांना दाखवण्याचा विचार आता सोडून दिलाय. खूप लाज वाटली, आणि भीतीही वाटली. गॅस पेटवतात त्या, रस्ता ओलांडून दुकानात येतात.

त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तिला सांगू नका हो. छप्पर तेवढं होऊ द्या. डोळे गेले म्हटलं की मला माझ्या घरी कोण सोडतंय? इथे तुमच्या सोफ्यावर मी मरेपर्यंत बसायचं? तुम्हाला तरी चालेल का?" मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बघा!" आणि आम्ही दोघंही हसलो. मग मी जमिनीवर पालथा होऊन सुई शोधली आणि ओवून दिली.

बुधवार, ३ डिसेंबर

हिला सांगितलं. सासूबाईंच्या समोरच, त्यांच्या परवानगीने. परवानगी त्यांनी एका अटीवर दिली: डोळे बरे झाले तर त्यांनी त्यांच्या घरी जायचं आणि आम्ही हूं की चूं करायचं नाही.

ही आधी हसली, तक्ता पाठ केला म्हणून. मग आईला मिठी मारून रडली. मग माझ्याकडे वळली. ते इथे लिहीत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर माझ्या ओळखीचे, किती गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवली असतील. ते म्हणाले, "मोतीबिंदू अगदी पिकलाय, दोन्हीकडे. तुमच्या दुकानात इतके दिवस बसून होत्या म्हणता?" मी म्हटलं, "स्टुलावर." ते म्हणाले, "तारीख एकच आहे, तेरा, शनिवार. नाहीतर मी महिनाभर नाही." तेरा तारखेला पाहणी. मी म्हटलं, "तेराच द्या." हे वाक्य तोंडून निघाल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं.

घरी येऊन पांढरा एलईडी टाकीवरून काढला आणि सासूबाईंच्या खुर्चीवर टांगला, डोक्याच्या मागून उजेड येईल असा. टाकीला जुनी ट्यूब परत लावली. चौथा दिवा डब्यातच आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

ट्यूब रोज संध्याकाळी थोडाच वेळ. पाण्यावर तरंगणारी पानं सोडली, सावली पडते. लालीला खाऊ घालणं मी माझ्याकडे घेतलंय, म्हणजे घालत नाही. काचेवरचं शेवाळ सुटायला लागलंय. मासे कोपऱ्यातून बाहेर आले. इतके दिवस मी दिवे बदलत होतो आणि टाकीला हवा होता तो दिवा माळ्यावर पडून होता.

आता एक वेगळीच काळजी. शनिवारनंतर सासूबाईंना दिसणार. आणि त्या पहिल्यांदा लालीलाच बघणार, हे त्यांनी जाहीर केलंय. "ऑपरेशनला भीत नाही. लालीला डोळे भरून बघायचंय." एवढ्या दिवसांचं मैत्र. समोर काय येणार? एक हीटर आणि त्याचा दिवा.

ही म्हणाली, "सांगून टाका." मला नाही सांगवत. मासेवाल्याकडे गेलो आणि लाल मासोळी मागितली. तो म्हणाला, "पण साहेब, तुमच्या गटात माशांना गुण नाहीत." मी म्हटलं, "आमच्या घरात आहेत."

प्लॅटी जातीची छानशी लाल मासोळी आणलीय. मादी आहे याची खात्री करून घेतली.

शनिवार, १३ डिसेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. आत जाताना सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं, "तक्ता तोच आहे का?" 

बाहेर बाकावर बसलो असताना चिटणिसांचा फोन. "परीक्षकांना घेऊन तुमच्या दाराशी उभा आहे, कुलूप आहे." मी म्हटलं, "हो, आहे." ते म्हणाले, "मग टाकी कशी बघायची?" मी म्हटलं, "पाणी छान आहे. लिहून टाका."

ही शेजारी होती. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. बऱ्याच दिवसांनी.

रविवार, १४ डिसेंबर

सकाळी पट्टी काढली. पहिल्यांदा हिला पाहिलं, गालावरून हात फिरवला. मग मला. "अगंबाई, जावईबापू, केस कुठे गेले?"

घरी आल्यावर थेट टाकीपाशी. मी खुर्ची मागे ठेवली, पण बसल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. लाल प्लॅटी टाकीभर हुंदडत होती. मी म्हटलं, "ती बघा तुमची लाली." सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्याकडे पाहिलं. हीटरचा दिवा नेमका तेव्हाच लागायचा होता, लागला. तिथे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीवरची चादर काढायला गेलो.

"बरी पोहायला लागलीय," एवढंच म्हणाल्या.

कळलं की नाही कळलं? हिला विचारलं तर ही म्हणाली, "तुम्ही डोळे तपासायचं सोडाच."

रविवार, २८ डिसेंबर

छप्पर झालं. सासूबाईंना आज त्यांच्या घरी पोचवलं. दुसरा डोळा फेब्रुवारीत, तेव्हा येतील. पॅसेजमधून चालताना भिंतीला हात लावला नाही.

पांढरा दिवा त्यांच्याबरोबर दिला. तिथे खुर्चीवर टांगून आलो. इथून निघण्याआधी लालीलाही एका बरणीत घालून न्या म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "नको. ती चंदेरी पोरांत रमलीय." मग त्यांच्या घरून मी निघताना दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या नळीचा दिवा कधी गेला तर नवी आणा हो लगेच. दिसत नव्हतं ना, तेव्हा तुम्ही सगळे धुकट होतात. ती एकटी दिसायची."

मी हो म्हटलं. आणखी काही म्हणायचं होतं, ते रस्त्यात सुचत राहिलं.

गुरुवार, १ जानेवारी

दुकान बंद. टाकी स्वच्छ. झाडाच्या शेंड्याला दोन पानं आलीत, लाल. अगदी लाल. चिटणिसांना बोलावून दाखवावीत असं काही वाटलं नाही.

सकाळपासून घर रिकामं वाटतंय. काचेवर नाकाचा ठसा नाही. दुपारी टाकीजवळच्या खुर्चीत बसलो होतो. थंडी होती, हीटरचा दिवा लागला. मी म्हटलं, "उठलीस का, लाले?"

ही आतून म्हणाली, "कोणाशी बोलताय?"

मी म्हटलं, "रेनकोटशी."